एकतीस किल्ले आणि एक नेढं

"तू एवढे किल्ले हिंडतोस, मग आमच्या किल्ल्यांचं परीक्षण करून टाक की," मंडळाच्या कार्यकर्त्याने अमृततुल्यमध्ये म्हटलं आणि हातातला कप खाली ठेवायच्या आत मी हो म्हणून बसलो. 2021 ची दिवाळी होती. आदल्या वर्षी कोरोनामुळे आमच्या भागातली किल्ला स्पर्धा झालीच नव्हती, त्यामुळे पेठेतली पोरं दोन वर्षांची हौस एकदम भागवून घेत होती. जिन्याखाली, हौदाच्या कडेला, पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या मध्ये, जिथे चार फूट जागा मिळेल तिथे चिखल.

मला वाटलं, यात अवघड ते काय? वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. राजगडावर किती वेळा गेलो ते मोजणं कधीच सोडलं. नोकरी विमा कंपनीत, दावे तपासायची. म्हणजे कागदातली खोट शोधायचाच मला पगार मिळतो. बरोबर असलेल्या कागदावर सही करायची आणि पुढचा घ्यायचा. तोंड उघडायची वेळ येते ती चुकलेल्या कागदावर. ही सवय सुट्टीच्या दिवशीही अंगावरून उतरत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मंडळाने एक छापील तक्ता दिला होता. ऐतिहासिक अचूकता 15, कल्पकता 10, नैसर्गिक साहित्य 10, माहिती सांगणे 10, स्वच्छता 5. एकूण 50. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना, इतका अरुंद की 'छान' किंवा 'सुधारणेस वाव' याच्या पलीकडे काही मावू नये.

त्या वर्षी मी एकटाच हिंडलो. एका वाड्याच्या अंगणात सहावीतल्या एका मुलाने राजगड केला होता. मी लांबूनच ओळखला. मधे उंच बालेकिल्ला, तीन दिशांना तीन माच्या. पोरगा जाऊन आलेला दिसत होता. तो भरभर सांगू लागला: ही पद्मावती, ही सुवेळा, ही संजीवनी. आणि संजीवनी माचीच्या कड्यात त्याने एक आरपार भोक केलं होतं. त्यात मनगटापर्यंत हात घालून पलीकडून बोटं हलवून दाखवत म्हणाला, "आणि हे नेढं."

"नेढं इथे कसं?" मी म्हणालो. "नेढं सुवेळा माचीवर असतं. ही संजीवनी आहे."

त्याने हात बाहेर काढला. आजूबाजूला त्याचे तीन-चार मित्र होते, ओट्यावर आजी लसूण सोलत बसली होती. आजी म्हणाली, "अहो, दोनदा कोसळलं ते. तिसऱ्या दिवशी उभं राहिलं."

"हो, पण जागा चुकली ना," मी म्हणालो आणि अचूकतेच्या रकान्यात 8 लिहिले. खोटं काहीच बोललो नव्हतो. नेढं सुवेळेवरच आहे, कुणीही जाऊन बघावं. त्याच मुलाने संजीवनीची तटबंदी दुहेरी केली होती, बाहेर एक भिंत, आत दुसरी, मधे बोटभर फट. बाहेरची भिंत पाडून शत्रू आत घुसलाच तर त्या फटीत अडकतो, अशी खरी रचना आहे तिथे. मोठ्यांनी केलेल्या प्रतिकृतींतही ही फट सहसा राहून जाते. ती मला दिसली होती. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बरोबर होतं, त्यात बोलायचं काय?

पुढच्या वर्षी तोच कार्यकर्ता पुन्हा भेटला. जरा कानकोंडा झाला होता. "परीक्षण तूच कर," म्हणाला, "पण या वेळी बरोबर बाई असतील." मी कारण विचारलं. त्याने आधी इकडचं तिकडचं सांगितलं आणि मग म्हणाला, "पोरं म्हणतात, ते चुका काढणारे काका येणार असतील तर आम्ही नाव देत नाही."

बाई म्हणजे चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. सुती साडी, खांद्याला शबनम, पायात स्पोर्ट्सचे बूट. मला त्यांनी पहिल्या मिनिटापासून 'अरे-तुरे' केलं, आणि मीही ते निमूट ऐकून घेतलं, कारण माझे चित्रकलेतले गुण त्यांना चेहऱ्यावरूनच कळले असावेत. 31 किल्ले होते आणि दोन संध्याकाळी. मी तक्त्याची फळी, पेन, टॉर्च असा जय्यत तयार. बाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि पाठकोऱ्या चित्रकागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

पहिल्या किल्ल्यापाशी मी नेहमीसारखा उभा राहिलो, हाताची घडी घालून. बाई उकिडव्या बसल्या. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

"इथून दिसतंय, बाई."

"तुला गच्ची दिसतेय. बस."

बसलो. आणि खरंच सांगतो, दुसराच किल्ला होता तो. वरून पाहताना मला मातीचा एक ढिगारा आणि त्यावर वेड्यावाकड्या रोवलेल्या मावळ्यांची गर्दी दिसली होती. खालून एक वाट दिसली. पायथ्याच्या गावापासून निघालेली, वळणं घेत, एका खडकाआड नाहीशी होऊन पुन्हा वर निघणारी. त्या खडकाच्या पोटात गुहा आणि गुहेत वाघ. वाघ फक्त या उंचीवरूनच दिसत होता. किल्ला करणारी मुलगी तिसरीतली होती, तिची उभ्याची उंची माझ्या बसल्याएवढी. तिने तिच्या डोळ्यांना दिसेल असा किल्ला बांधला होता, आणि आदल्या वर्षी मी सगळे किल्ले घारीसारखे वरून पाहून आलो होतो.

बाईंचा पहिला प्रश्नही ठरलेला असायचा. मी विचारायचो, "कोणता किल्ला?" त्या विचारायच्या, "सगळ्यात आधी काय केलंस?" माझ्या प्रश्नावर पोरं पाठ केलेली माहिती म्हणायला लागायची, हात मागे बांधून, शाळेत म्हणतात तशी. बाईंच्या प्रश्नावर आधी गोंधळायची आणि मग जी सुटायची ती थांबायचीच नाहीत. विटांचे तुकडे कुठल्या बांधकामावरून आणले, तिथल्या वॉचमनने कसं हाकललं. पोतं चिखलात किती वेळ बुडवून ठेवायचं, म्हणजे ते दगडांवर बसतं आणि वाळल्यावर भेगा पडत नाहीत. माती चाळली नाही तर बुरूज गोल होत नाही. हळीव वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस पेरायला हवेत, नाहीतर लक्ष्मीपूजनाला किल्ला टकला. मोहरी उंच वाढते आणि झाडीसारखी दिसते, हळीव बुटके राहतात आणि गवतासारखे. एकाने तर उतारावर हळीव, कड्याच्या कपारीत मोहरी आणि पायथ्याला धने पेरले होते. "धने उगवलेच नाहीत," तो वैतागून म्हणाला, "आईने जुने दिले." ही माहिती पन्नास गुणांच्या तक्त्यात कुठेही बसत नव्हती. मी 'नैसर्गिक साहित्य'मध्ये कोंबली.

पहिली संध्याकाळ संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "सतरा वेळा."

"काय सतरा वेळा?"

"'छान' म्हणालास. सोळा किल्ले झाले, आणि एक त्या चहावाल्याला."

मला वाटलं होतं मी सुधारलोय. चुका सांगणं बंद केलं होतं, प्रत्येक पोराला छान म्हणून पाठीवर थाप मारत होतो. बाईंना ते चुका काढण्यापेक्षाही खटकत होतं. म्हणाल्या, आयुष्यभर वह्यांवर तारीख टाकून 'छान' लिहिलंय, साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास असेल तर दुसरं काय लिहिणार? एकदा एका मुलीने वही परत आणून विचारलं, "बाई, यात छान काय आहे?" आणि त्यांनी चित्राकडे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या कापलेल्या चिठ्ठ्या त्यासाठी होत्या. प्रत्येक किल्ल्याला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्या किल्ल्यातली अशी एक गोष्ट लिहायची जी बाकीच्या तीसांत नाही. विशेषणं लिहायची नाहीत. 'पायथ्याच्या गावातून निघालेली वाट मधेच दिसेनाशी होते आणि पुन्हा वर सापडते,' एवढंच. खाली दोघांच्या सह्या. चिठ्ठी मुलाच्या हातात द्यायची, आईबापांच्या नाही.

सांगायला सोपं आहे. दुसऱ्या संध्याकाळी एका घरी प्लास्टरचा विकतचा किल्ला होता. मंडईबाहेर रस्त्यावर मिळतात तो, तपकिरी रंग मारलेला, एका फरशीवर आणून ठेवलेला. भोवती थोडी मातीची चित्रं मांडली होती. चित्रं म्हणजे किल्ल्यावरची खेळणी, पुण्यात चित्रंच म्हणतात. मी तक्ता भरून मोकळा झालो: साहित्य शून्य, कल्पकता 2. चिठ्ठीवर लिहिणार काय? बाई मात्र बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला ते नाटकी वाटायला लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, "हे असे एका बाजूला का बसवलेत?"

तुळशीच्या कुंडीच्या सावलीत सहा-सात मावळे ओळीने टेकवून ठेवले होते. एकाचा भाल्याचा हात तुटलेला, एकाचं पागोटं उडालेलं, एकाला पाय नाही. जुन्या बुटांच्या खोक्यातून वर्षानुवर्षं निघणारी चित्रं अशीच असतात, सगळ्यांकडे. बाकीची पोरं तुटकी मागच्या बाजूला लपवतात किंवा गुडघाभर मातीत पुरतात.

"ते जखमी आहेत," मुलगा म्हणाला. "त्यांना आज सुट्टी."

बाईंनी ते चिठ्ठीवर लिहिलं, जसंच्या तसं. मला वाटलं, आता या इथे पस्तीस-चाळीस गुण देणार. जिना उतरल्यावर त्यांचा तक्ता पाहिला, तर 50 पैकी 22. माझ्यापेक्षा फक्त 3 जास्त.

"एवढा वेळ बसलात, आणि 22?"

"किल्ला विकतचाच आहे की. मार्क मंडळाला द्यायचेत. पोराला काय द्यायचं ते वर देऊन आले."

बाईंविषयी लिहिताना त्यांचा देव होऊ नये म्हणून हेही सांगतो: थर्माकोल दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये थर्माकोलचा प्रतापगड होता. यंत्रावर कापलेला, भवानी मंदिरापासून बुरुजापर्यंत सगळं मापात, आत दिवे, आणि मोबाइलवरून स्पीकरला जोडलेलं निवेदन: "10 नोव्हेंबर 1659..." शेजारी वडील उभे, हातात रिमोट. बाईंनी एकदा पाहिलं, "मी पुढचा बघून येते" म्हणाल्या आणि चालायला लागल्या. वडिलांचा चेहरा पडला. माणसाने ऑफिस सांभाळून पंधरा रात्री जागवल्या असणार.

तिथे मी बसलो. मुलाला विचारलं, "यातलं तू काय केलंस?"

"त्याने सगळ्यातच मदत केली," वडील म्हणाले. मुलगा काही बोलेना. मी तसाच बसून राहिलो. माझ्या नोकरीत ही एक गोष्ट मात्र चांगली शिकायला मिळते, समोरचा बोलेपर्यंत गप्प राहणं. शेवटी त्याने किल्ल्याच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. खांबाच्या आडोशाला त्याने विहीर केली होती. सुपारीएवढ्या खड्यांचा गोल कठडा, आत बाटलीच्या झाकणात पाणी, वर आइस्क्रीमच्या काड्यांचा रहाट, दोऱ्याला बांधलेला टोचणीच्या डबीएवढा पोहरा. त्याने रहाट फिरवला. पोहरा खाली गेला, पाण्याला टेकला, वर आला. त्यात पाण्याचा एक थेंब होता.

चिठ्ठीवर विहिरीबद्दल लिहिलं. वडिलांनी विचारलं, "आणि किल्ला?" मी म्हणालो, कापकाम फारच सफाईदार आहे, मला सात जन्मांत जमलं नसतं. ते खरंच होतं. ते खूश झाले आणि म्हणाले, "हा आम्ही फोडणार नाही. सुटा होतो. पुढच्या वर्षी पुन्हा लावता येईल." इथे मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दिवाळी संपली की सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचा, त्यासाठी तर निम्मी पोरं किल्ला करतात! मी निघताना तो मागे आला आणि हळूच म्हणाला, "विहीर उडवू शकतो ना?"

चुकीचं असेल ते सांगायचंच नाही का, यावर माझा आणि बाईंचा चांगला वाद झाला. माझं म्हणणं, पोरांना इतिहास कळावा म्हणून तर ही स्पर्धा आहे. सगळंच गोड मानून घेतलं तर उद्या रायगडावर विमानतळ होईल. बाई म्हणाल्या, विमानतळ असला तर धावपट्टी किती लांब आहे ते विचार. मला राग आला. पण पुढच्याच वाड्यात त्यांनी मला पेचात टाकलं. चौथीतल्या एका मुलाने किल्ल्याला भलामोठा दरवाजा केला होता, अगदी समोर, शोरूमला असतो तसा. मी 'गोमुखी', म्हणजे बुरुजांच्या आड लपवलेला दरवाजा, हा शब्द उच्चारणारच होतो. बाई कानाशी म्हणाल्या, "सांगू नकोस. विचार."

काय विचारू? जरा वेळाने सुचलं. "समजा शत्रूकडे हत्ती आहे. तो कुठून येईल?"

त्याने दरवाजाकडे पाहिलं. मग खोक्यातून मातीचा हत्ती काढला, अंगणाच्या टोकाला नेला आणि पळवत आणून दरवाजावर आदळला. दरवाजा पुठ्ठ्याचा होता, गेला आत. पोरगा क्षणभर थिजला. मग एक विटेचा तुकडा उचलून दरवाजासमोर आडवा ठेवला. हत्ती पुन्हा आणला. हत्तीला वळावं लागलं, आणि वळताना पळता येईना. "आता नाही येणार," तो म्हणाला. रायगडाच्या महादरवाजाला नेमकं हेच केलंय. दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला दरवाजा, समोरून दिसतच नाही, हत्तीला धाव घ्यायला जागा नाही, तोफेचा गोळा सरळ लागत नाही. मी ते त्याला सांगितलं, पण त्याने शोधल्यावर. दुसऱ्या दिवशी तिकडून जाताना डोकावलो, तर विटेच्या जागी चिखलाचा बुरूज उभा होता, ओला.

गुणांचं गणित मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. पहिला किल्ला बिचारा नेहमी मार खातो. पुढे काय येणार माहीत नसतं म्हणून परीक्षक हात आखडता घेतो. एखादा फार सुंदर पाहिला की त्याच्या नंतरचा उगाच फिका पडतो. आणि नवव्या-दहाव्या घरी फराळ झाला की सगळ्यांनाच 35 मिळायला लागतात. बाईंनी त्यावर काढलेला उपाय असा: पहिल्या तीन किल्ल्यांना गुण द्यायचेच नाहीत, नुसते बघायचे आणि शेवटी परत यायचं. सगळे आकडे पेन्सिलीने. आपापले आकडे भरून झाल्याशिवाय दोघांनी एकमेकांचा तक्ता बघायचा नाही, आणि ज्या किल्ल्याला दोघांच्या आकड्यांत दहाहून जास्त फरक पडेल तिथे पुन्हा एकत्र जायचं. त्या वर्षी असे चार निघाले. त्यातल्या एका ठिकाणी मी 29 दिले होते आणि बाईंनी 43. दोन बहिणींनी चाळीच्या जिन्याखाली केलेला काल्पनिक किल्ला, नकाशात कुठेच नसलेला. मी अचूकतेत 2 दिले होते, कशाशी पडताळणार? पुन्हा गेल्यावर धाकटीने एक दरवाजा दाखवला. तो उघडला तर मागे नुसती भिंत. "शत्रूला वाटतं हाच दरवाजा. तो इथेच धडका मारत बसतो. आम्ही मागून जातो दूध आणायला." मी पेन्सिलीचे आकडे खोडले. किती केले ते सांगत नाही, बाईंच्या जवळ गेले.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले. 11 महाराष्ट्रातले, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दिवाळीला पेठेत काय होणार ते उघड होतं. रायगड, राजगड, प्रतापगड तर दरवर्षीचेच, पण या वेळी साल्हेर आला, परातीत पाणी भरून खांदेरी आणि सुवर्णदुर्ग आले. आणि एका घरी आठवीतल्या मुलीने गच्चीवर जिंजी केला होता.

मी जिंजीला गेलेलो नाही. राजाराम महाराज तिथे राहिले, मुघलांनी 1690 पासून जवळजवळ आठ वर्षं वेढा घातला, 1698 मध्ये किल्ला पडला, एवढं वाचलेलं. पण तटबंदी कशी फिरते, दरवाजा कुठे, काही माहीत नाही. तक्त्यातल्या पहिल्या रकान्यापुढे मी कोरा. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही पाहिलाय?" मी नाही म्हटल्यावर तिने सुस्कारा सोडला, बहुतेक सुटकेचा.

मग तिने मला किल्ला फिरवून आणला. एक नाही, तीन टेकड्या. ही राजगिरी, ही कृष्णगिरी, ती तिसरी. तिन्हींना वेढणारी तटबंदी, त्रिकोणासारखी. तिथली टेकडी आपल्यासारखी कातळकड्याची नसते, गोल गुळगुळीत धोंड्यांची असते, हे तिने फोटोंवरून ताडलं होतं, आणि धोंड्यांसाठी आठ दिवस नदीपात्रात हिंडून बटाट्याएवढे गोटे गोळा केले होते. गोटे एकावर एक रचले की घसरायचे. ते कसे बसवले, मधे कापडाच्या चिंध्या कशा भरल्या, वरच्या टोकाला जाणारी वाट कुठल्या फटीतून नेली, हे ती सांगत होती आणि मी एका जागी पाऊण तास बसून ऐकत होतो. बाई केव्हा खाली उतरल्या कळलं नाही. खाली गेलो तर पायरीवर बसून चकली खात होत्या. "काय रे, हा किल्ला बराच आवडला?"

मी म्हणालो, "मला माहीतच नव्हता ना." म्हटल्यानंतर आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. बाईंनी चकलीचा तुकडा पुढे केला.

त्याच संध्याकाळी, यादी संपल्यावर, मी त्या वाड्यात गेलो जिथे 2021 मध्ये राजगड होता. त्या मुलाचं नाव यादीत पुन्हा कधी आलं नव्हतं. किल्ल्याच्या जागी स्कूटर लावलेली. आजी ओट्यावरच होत्या, ओळख दिली तर म्हणाल्या, "हो, हो, ते परीक्षक." या वेळी दहावी, क्लास चालू आहेत, किल्ला कसला. त्यांनी हाक मारल्यावर तो बाहेर आला. माझ्याएवढा उंच झाला होता, ओठांवर लव.

बोलायला काही सुचेना. मग म्हणालो, "ते आरपार भोक तू उभं कसं केलं होतंस?"

तो हसला. "करवंटी," म्हणाला. "आधी दोनदा नुसत्या मातीचं केलं, पडलं. मग करवंटीचं बूड फोडलं, ती आडवी ठेवली, वरून पोत्याची पट्टी आणि मग चिखल. आतून करवंटी दिसू नये म्हणून बोटाने लिंपली." मग थोडं थांबून म्हणाला, "पण ते सुवेळेवर पाहिजे होतं."

"तटबंदी बरोबर केली होतीस. संजीवनीची. दुहेरी, मधे फट सोडून. ती कुणी करत नाही."

"ती केली होती का मी?" त्याने आजीकडे पाहिलं. "मला आठवत नाही."